दहा टक्के जादा

जतचा मल्लाप्पा गवंडी म्हणाला होता,
"वैनी, दहा टक्के जादा घ्या.
फरशी हाय, फुटणारच."
ओट्यामागच्या भिंतीसाठी
शंभर फुटी रस्त्यावरून आणलेल्या टाइल्स,
हस्तिदंती, मधोमध हळदी रंगाची एक लोंबी.

पण मल्लाप्पाचा हात असा,
की एकही फुटली नाही.
बटणाच्या खोक्याभोवती त्याने
भाकरीचा पापुद्रा सोडवावा तशी टाइल कापली
आणि बिडी पेटवून म्हणाला, "झालं की."

सोळा उरल्या.
शिवाय पांढरं सिमेंट, पिशवीच्या तळाशी दगड झालेलं,
पिस्ता रंगाचा डबा, आत तीन बोटं रंग,
आणि जुनं सिंक.
ते गळत नव्हतं,
आम्हालाच त्याचा कंटाळा आला होता.

दुकानदार म्हणाला, "फुटलेला बॉक्स परत घेत नाही."
"फुटलेला नाही, उघडलेला आहे."
"आमच्यात ते एकच, ताई."

नबीलाल तराजू घेऊन आला.
सिंक नेलं, पितळी नळ नेले,
टाइलवर नख वाजवून बघितलं.
"ह्येला वजन लई, भाव न्हाई."
आतून सासूबाई खाकरल्या.
त्यांना वाटलं, त्यांच्याविषयी चाललंय.

हरिपूरचे एक गुरुजी फोटो काढून गेले,
घरी विचारून सांगतो म्हणाले.
विचारलंच नसावं.

चार महिने जिन्याखाली.
कोळ्याने लोंबीवरून लोंबीवर दोरे टाकले.

मग शेवंताक्का भोई आली,
हातात सुतळी, सुतळीला दोन गाठी:
एक लांबीची, एक रुंदीची.
"नदीकडच्या बाजारात कट्टा हाय माझा."
"कशाचा?"
"मासळीचा."

आमच्यात दिवे लागायच्या आत जेवणं उरकतात,
चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही.
सासूबाईंची जपमाळ एका मण्यावर थांबली.
हे पेपरात शिरले
आणि तेच पान वाचत राहिले.

शेवंताक्का टाइलवरून तळवा फिरवत होती.
"शिमिटात रगात मुरतं, वैनी.
कितीबी घासा, वास ऱ्हातोच.
ह्येच्यावर तांब्याभर पानी मारलं, की झालं."

दुकानात मीही हेच विचारलं होतं,
फोडणीच्या तेलाविषयी.
मुरत नाही ना? पुसलं की झालं ना?

"घेऊन जा," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.
"फुकाट नको. फुकाटचं टिकत न्हाई."
तिने शंभराची नोट दिली, ओलसर.
दोन दिवस मी ती खिडकीत वाळवली,
मग तिचं दूध आणलं.

चौदा तिने नेल्या. भाच्याच्या छोट्या हत्तीत,
खाली पोती, वर पोती,
बाळंतिणीला न्यावं तशा.
"दोन तुमच्याकडं ठेवा.
भिंत हाय, फुटणारच."

पंचवीस वर्षांत त्या गल्लीतून
नाकाला पदर न लावता मी कधी गेले नव्हते.
त्या दिवशीही लावला होता.
पण कट्टा दिसला आणि हात खाली आला.
लोंब्या उलट्या बसवल्या होत्या,
दाणे जमिनीकडे,
त्यांच्यावरून पाणी उतरत होतं, थोडं लाल, मग नुसतं पाणी.
माझ्या फोडणीमागची भिंत
इथे आडवी पडून काम करत होती.

कोयत्याने एका टाइलचा कोपरा उडाला होता.
शेवंताक्काने तो दाखवला नाही,
त्यावर बर्फाचा खडा सरकवला
आणि विचारलं, "सासूबाई बऱ्या हायत?"

घरी येऊन भिंत बघितली.
एक ओरखडासुद्धा नाही.
मल्लाप्पाने दहा टक्के
कुणाच्या भिंतीचे धरले होते, कुणास ठाऊक.

आज सकाळी पिशवीत एक टाइल ठेवली,
वरून कोथिंबिरीची जुडी,
म्हणजे जिन्यात कुणी विचारलं,
तर काही सांगायला नको.