इतर हक्क

तलाठी कार्यालयात पंखा फिरतो
आणि फेरफाराची वही आपणहून पान उलटू बघते.
भावजींची हरकत तीन ओळींची:
सदर महिलेने पुनर्विवाह केला असल्याने
मयताच्या मिळकतीशी तिचा संबंध उरलेला नाही.
खाली सही, तारीख,
चहाचा एक गोल डाग.

बाहेर पायरीवर मात्र ते मालवणीत बोलले,
"दुसऱ्याचा कुंकू लावलंस, मगे हय कित्याक इलंस?"

मयत म्हणजे आत्माराम.
मिळकत म्हणजे अकरा गुंठ्यांतला आठ आणे हिस्सा,
नारळ नऊ, पोफळी बेचाळीस,
विहिरीवर आठवड्यातून दोन रात्रींची पाळी.
त्या रात्री कंदील घेऊन मीच जायची पाट फिरवायला.
आळं भरत आलं की बेडूक पायांवर चढायचे.
हे कुठल्याच रकान्यात नाही.

माझं नाव होतं, पण कडेला,
'इतर हक्क' या मथळ्याखाली,
सोसायटीच्या बोज्याशेजारी.
बोजा फिटला.
मी राहिले.

तलाठीण नवीन आहे, दापोलीकडची.
चष्मा वर सरकवत विचारते,
"ते गेले, त्या दिवशी तुम्ही त्यांच्या कोण होतात?"

त्या दिवशी?
त्या दिवशी मी तारल्यांची खवलं काढत होते.
होडी वेळेच्या आधीच आली
आणि त्याला चौघांनी उतरवला.
बांगड्या फोडल्या तेव्हा
मनगटावर खवलं तशीच चमकत होती.

"म्हणजे पत्नी," ती म्हणते. लिहिते.
"वारसा त्याच क्षणी उघडतो. नंतरचं लग्न नंतरचं."

उघडतो?
मी तर समजले होते
त्या क्षणी सगळं मिटलं.

दिगंबर रस्त्यापलीकडे स्कूटरला टेकून उभा.
आत चल म्हटलं, तर म्हणाला,
"तां तुझा आणि त्याचा."

आता नावाचा प्रश्न.
दाखल्यावर खोबरेकर, आधारवर मेथर.
"मधे ऊर्फ घाला," मी म्हणते.
ऊर्फ. एवढ्याशा शब्दावर
दोन घरं कशी उभी राहणार, देव जाणे.

निकाल अजून लागायचाय.
मंडळ अधिकारी पुढल्या महिन्यात सुनावणी घेतील,
भावजी वकील आणतील.

पण मंगळवारची रात्र माझ्या पाळीची.
जाऊन बघणार आहे.
पाटाच्या तोंडाशी कुणी दगड लावला असेल
तर तो काढायला
सही लागत नाही.