तासभर पुढे

आजोबांच्या वहीत, पान एकशे बारा:
"कॅप्टन रंगराव भापकर, मोरार. हातघड्याळ एक.
तेल, सफाई, काच नवी.
एक तास पुढे आहे, तसेच ठेवणे. गिऱ्हाइकाची ताकीद.
बाकी बारा आणे."
मार्च सत्तावन्न. महिनाभरात आणेच गेले.
नेल्याची सही नाही.

घड्याळ आमच्याकडेच राहिलं,
सराफ्यातल्या या तीन हात रुंद दुकानात,
मलमलीत गुंडाळून, खालच्या खणात.
रोज सकाळी आजोबा चावी देत, पुढे बाबा.
लहानपणी मी एकदा त्याची वेळ बरोबर केली,
तर बाबांनी कान पिरगळला:
"दुसऱ्याची वेळ आहे ती."

यंदा दुकान विकलं.
म्हटलं, बारा आणे सोडले, पण घड्याळ पोचवू.

मोरारला भापकर कुणाला माहीत नाहीत.
कचेरीतला बाबू म्हणाला, सन सांगा.
सांगितला.
म्हणाला, दुसरा सांगा.

मग सापडत गेले ते सुटे सुटे.
शिंदे की छावणीत इसाक बँडवाल्याकडे
क्लॅरिनेटवाल्याच्या लाल कोटावर
नागाच्या छापाची चार पितळी बटणं, पाचवं प्लॅस्टिकचं.
"लिलावात बापानं घेतला होता," इसाक म्हणाला,
"तो कोट केव्हाच विरला. बटणं कोट बदलत राहिली."
मच्छरदाणी एका हलवायानं नेलेली,
बरीच वर्षं पेढ्यांवर होती.
ट्रंक हजिऱ्याच्या गिरणीत, पिठानं माखलेली,
झाकणावर पांढऱ्या रंगात "भाप", पुढचं घासून गेलेलं.
हिंदीत भाप म्हणजे वाफ.
गिरणीवाला इतकी वर्षं समजत होता,
ही रेल्वेची पेटी.

त्यानंच रामकलीचं घर दाखवलं.
नव्वदीची परटीण, दात नाहीत, डोळे शाबूत.
नाव तिलाही कळलं नाही.
घड्याळ दाखवलं, तेव्हा हसली:
"अच्छा, वो! जल्दीवाले साहब!"

बाराचं जेवण त्या घरात अकराला.
दिवे नवाला बंद.
इस्त्रीचे कपडे न्यायचे तर अंधारात निघावं लागे.
लढाईत सरकारनं अख्ख्या देशाची घड्याळं
तासभर पुढे केली होती म्हणे;
लढाई संपली, सगळ्यांनी काटे मागे घेतले.
साहेबांनी घेतले नाहीत.
का, ते तिला माहीत नाही.
ब्रह्मदेशात काहीतरी झालं होतं, पुलापाशी, पहाटे.
बाईसाहेबांना ठाऊक असेल.
बाईसाहेब त्यांच्याआधी गेल्या,
तासभर नाही, अकरा वर्षं.

बंगला अजून आहे. पिवळा.
व्हरांड्यात चपलांचा ढीग,
वर फलक: बँक, रेल्वे, पोलीस भरती.
आपल्यात ज्याला तास म्हणतात
ते इथे सकाळी सहापासून चालतात, एकामागून एक.
खिडकीतून पाहिलं: मास्तर फळ्यावर
दोन गाड्या काढत होता, समोरासमोर,
वेग वेगळे, सांगा कधी भेटतील.
फळ्याच्या वर भिंतीत एक जुना खिळा,
त्याला हल्लीचं घड्याळ, बॅटरीचं.
माझ्या तळहातावर त्यांचं.
मोठे काटे दोघांचे अगदी एका रेषेत,
मिनिटाचाही फरक नाही.
भांडण काय ते लहान काट्याचं.

पोचवायचं कुणाला?
चौकीदारानं विचारलं, किसको ढूँढ रहे हैं?
मी म्हटलं, कुणाला नाही, ऊन लागलं म्हणून थांबलो.

फाटकाशी एक मुलगा धापा टाकत आला,
शर्टाचं बटण उलट्या काजात,
"चाचा, टाइम क्या हुआ?"
चारला दोन कमी होते.
मी तळहाताकडे पाहिलं, आणि तिथे होतं तेच सांगितलं.
"पाँच बज रहे हैं, बेटा."

तो पळत सुटला, चपला हातात घेऊन.