रिकामी सम

ओशनसाइड. सर्फबोर्ड दुरुस्तीचं दुकान,
रेझिनचा वास अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीत मुरलेला.
तिघं होती. टाविटा ड्रमवर, पंकमधून आलेला,
मोकळी जागा दिसली की ठोकायचाच.
रोझेंडो गिटारवर, त्याच्याहून घाईत.
बेस लोर्नाकडे; दिवसा टपाल वाटायची,
वाजवायचीही दारं मोजत गेल्यासारखी.

मागच्या गल्लीतल्या इसिल्डाबाई, मूळच्या किंग्स्टनच्या,
रात्रपाळीच्या नर्स, कुंपणावरून एवढंच म्हणाल्या :
"झोपू द्या रे. नाहीतर नीट वाजवा."

मग कुणाचं तरी छप्पर शाकारताना टाविटा पडला.
डावं मनगट सहा आठवडे प्लास्टरात.
एका हाताने जमेल तेवढंच :
पहिली मात्रा सुटायची,
तिसरीवर कसाबसा पोचायचा.

त्या सुटलेल्या मात्रेत
लोर्नाचा बेस पहिल्यांदा ऐकू आला,
ओल्या वाळूवरून होडी ओढत न्यावी तसा.
रोझेंडो थांबला.
मग दोन ठोक्यांच्या मधे, हलकेच,
कात्री चालावी तसं, च्यक.

प्लास्टर निघालं. हात धडधाकट आहे आता.
तरी समेवर आला की टाविटा
काठी वरच धरून राहतो.

कुंपणापलीकडे खिडकी उघडी.
इसिल्डाबाई ड्यूटीवर गेल्यात की ऐकतायत,
अजून कुणी विचारलेलं नाही.