शहाण्णव फ्रेम

वागळे इस्टेटीत, रोड नंबर सोळा,
जिथे पूर्वी बेअरिंगं घासली जायची
त्या शेडच्या दुसऱ्या मजल्यावर
आम्ही एका चिंबोरीला पाय जोडतो.
आठ पाय, दोन नांग्या, डोळ्यांचे दोन दांडे,
आणि प्रत्येक सांध्याला मी दिलेलं नाव:
डावा-तीन-गुडघा, उजवा-चार-टोक.
चालायचं तिरकं.
पहिल्या भागात हे तिरकं चालणं शिकण्यातच
माझे सात महिने गेले.

आता दुसरा भाग.
खाडीच्या चिखलातला तो बारक्या
डब्यांवर, दप्तरांवर, वाढदिवसाच्या केकवर चढून बसला,
म्हणून पुन्हा तोच चिखल, तीच तिवरं.
लियाकत पुन्हा पाण्यावर उजेड टाकतोय;
या वेळी ओहोटी जरा महाग दिसू दे,
असं त्याला कुणीतरी सांगितलंय.

जुनी फाइल उघडली.
चार वर्षांत बारक्या तसूभर वाढला नव्हता.
वाढला होता हृषद.

चेंदणी कोळीवाड्यातला हृषद तांडेल,
तेव्हा नऊ वर्षांचा, पुढचा एक दात नाही,
'स'च्या जागी वारा यायचा.
तो वारा धरून मी बारक्याचं तोंड बसवलं होतं.
परवा तो आला. ओठावर कोवळी काजळी.
काचेमागे उभा राहिला, हेडफोन लावले,
"आई, मी इथेच आहे" म्हणाला
आणि 'इथेच'वर आवाज घसरला
शेवाळावरून पाय जावा तसा.
पुन्हा. पुन्हा घसरला.
रेकॉर्डिस्ट आपल्याच चपलांकडे बघत राहिला.

बाहेर कँटीनपाशी त्याची आई, चंद्रप्रभा,
पाटी शेजारणीवर सोपवून आलेली,
हाताला लिंबाचा वास.
म्हणाली, चिंबोरी वाढते कशी ठाऊक आहे का तुम्हाला?
कवच पाठीमागून उलतं,
ती मागच्या मागे बाहेर निघते
आणि मग दोन-चार दिवस दगडाखाली.
मऊ. बोट लावलं तर बोट रुतेल.
तेव्हा तिला कुणी हाक मारू नये.

टिपणीस सरांनी रात्रीत कथा फिरवली.
बारक्या कात टाकतो!
आवाज हृषदचाच, घसरतो तिथे घसरू दे.
आम्ही टेबलं वाजवली,
मी तर नव्या पाठीचा आराखडाही काढला.
सोमवारी निर्मात्यांकडचा माणूस आला.
भिवंडीच्या गोदामात जुन्या मापाचे
नव्वद हजार बारके
आधीच खोक्यांत बसले होते.
माणूस वाईट नव्हता.
सगळ्यांच्या चहाचे पैसे त्यानेच दिले.

तर आता कळव्याची एक मुलगी बारक्याला आवाज देते.
छान देते. 'स' अगदी स्वच्छ.
सरांनी भांडून मिळवले ते चार सेकंद,
शहाण्णव फ्रेम:
ओहोटी, चिखल, आणि दुसऱ्याच कुठल्या
नाव नसलेल्या चिंबोरीचं रिकामं कवच.
पाणी आत शिरतं. ते जरासं हलतं,
जिवंत असल्यासारखं. मग नाही.
मागून कुणाचा तरी आवाज: "इथेच आहे."

कवचाला सांधे लागत नाहीत, नावं लागत नाहीत.
सगळ्यात सोपं काम,
आणि तीन आठवडे ते मला जमत नाहीये.
पाणी येण्याआधीच हलतं,
नाहीतर पाणी गेल्यावर.

काल हृषद क्लासहून थेट इकडे आला,
खुर्ची ओढून बसला, दप्तर मांडीवरच.
चार सेकंद तो बाराएक वेळा बघत राहिला.
मग म्हणाला,
"पाणी त्याला ढकलत नाही, ताई. उचलतं."

सत्तावन्नाव्या फ्रेमवर थांबून
मी कवच एक पिक्सेल वर घेतलं.
"अजून," तो म्हणाला,
त्याच्या दोन आवाजांपैकी
खालच्या आवाजात.