सबझाँक्तिफ पासे, संध्याकाळची बॅच

कर्वे रोडला, चष्म्याच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर माझा वर्ग. साडेसहा ते आठ.
मेट्रो खिडकीच्या उंचीवरून जाते,
तेवढ्यापुरती मी क्रियापदं थांबवते.

अर्धी बॅच क्वेबेकला निघालेली.
दोन सॉफ्टवेअरवाले, एक दातांची डॉक्टर,
रिसबूड नवरा-बायको, एकाच वहीत लिहिणारे
(काटकसर म्हणून, प्रेम म्हणून नव्हे, असं तेच सांगतात),
आणि तिसऱ्या बाकावर हेमलता खिरीड,
सहकारी बँकेतून थेट येणारी, रिकाम्या डब्यासकट.

फळ्यावर लिहिते : क त्यु स्वा व्हन्यु.
तू आला असणं. छे.
तू आलेला असावास? तेही नाही.
मराठीचं कापड याला नीट बसत नाही,
कुठे खांद्यात ओढतं, कुठे बगलेत झोळ.

सांगते : माणूस आलाय. समोर बसलाय. चहा पितोय.
तरी "बरं झालं आलास" म्हणताना
फ्रेंच माणूस क्रियापद जरा तिरकं धरतो.
आनंद मध्ये आला की घडलेलंही पक्कं राहत नाही.
भीती, खेद, नवल, सगळ्यांचं तेच.
आशा मात्र सरळ चालते.
"जेस्पेर" म्हटलं की पुढे साधा भूतकाळ,
जसं काही झालंच आहे सगळं.
दातांची डॉक्टर विचारते, मादाम, हे उलटं नाही का?
आहे, मी म्हणते. पाठ करा.

मग तो जादाचा "न".
भीतीच्या वाक्यात शिरतो, नकार मात्र नसतो.
रिसबूड वैतागून उभेच राहतात :
नाही म्हणायचं नाही, तर न कशाला?
मी म्हणते, बसा ना.
बसतात.
मग म्हणते, आता यातला ना कशाला होता?

शनिवारच्या चाचणीत पाचवी रिकामी जागा :
तू गेलास, याचं मला अमुक वाटतं.
भावना ज्याची त्याने भरायची, क्रियापद चालवायचं.
सगळ्यांनी भरलं त्रिस्त, दुःखी.
एका सॉफ्टवेअरवाल्याने "राग", पण स्पेलिंग चुकवलं.
रिसबुडांचं उत्तर एक, हस्ताक्षरं दोन.
खिरीडबाईंनी लिहिलं काँताँत.
खूश.
बाईमाणूस, म्हणून शेवटी ई लावलेला,
त्यामुळे मागचा त बोलू लागलेला.
पुढे स्वा पार्ती. गेला तो पुरुष, ई नको. बरोबर.

तिचा नवरा ऑगस्टपासून माँट्रियलला,
क्लासची फी तिथूनच येते, म्हणून ठाऊक.
लाल पेन टेकवलं. उचललं.
कुठे खूण करावी असं काही नव्हतंच.
दहापैकी दहा.

पेपर परत देताना एवढंच बोलले :
लक्षात ठेवा, याला दोन माणसं लागतात.
एक वाटणारं, एक गेलेलं.
कर्ता एकच असला तर "क" गळतो,
रूपं चालवत बसावं लागत नाही,
मूळ धातू पुरतो.

तिने डबा काखेत धरला,
पेपर उलटा करून भिंतीवर टेकवला
आणि उभ्याउभ्याच मागे लिहिलं :
काँताँत देत्र रेस्ते.
राहिले, याची खुशी.
रेस्तेला शेवटी दोन ई, दुसरा मुका.
मराठीत "राहिले" म्हटलं की बाई ऐकू येते,
इथे ती नुसती कागदावर.

हा पुढचा धडा. मी अजून घेतलेला नाही.

मार्चचं तिकीट आहे म्हणे तिचं.
विचारलं नाही. सही केली, तारीख घातली.
मेट्रो आली, तिच्या उजेडाचे चौकोन
फळ्यावरच्या स्वा, स्वा, स्वावरून सरकत गेले.

कुलूप लावून खाली आले तेव्हा
दुकानात एक म्हातारे गृहस्थ
हाताने एक डोळा झाकून
भिंतीवरची अक्षरं वाचत होते, वरून खाली,
बारीक होत जाणारी.
शेवटच्या ओळीशी पोरगा थांबला :
काका, हा ई आहे की एफ?
ते पुढे झुकले.
असावा, म्हणाले.