कुंडी क्रमांक एकेचाळीस

बेळगावातलं आमचं काचघर. काच नाही, हिरवं नेट आहे, फाटकं.
पाटीवर तीन नावं: कन्नड वर, मराठी खाली,
तळाला लॅटिन, ज्यावरून अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

खरपुडी. जांबोटीच्या सड्यावरचा कंद, सुपारीएवढा.
बायजाक्का झोरेनं आणला, पदराच्या गाठीत.
"ल्हानपणी भाजून खाल्लाव की ओ, पोटभर.
आता तिथं जांभ्याची खाण हाय.
ह्यो एकच गावला.
खावं वाटलं हुतं,"
म्हणाली, आणि टेबलावर ठेवला.

तिसऱ्या वर्षी फूल. कंदिलासारखं, आत काजळी.
शेंग मात्र धरेना.
नेमगोंडा माळी दोन दिवस नुसता बसून राहिला वेलीपाशी.
माशीच फिरकत नव्हती.
मग ज्याच्या घरी लसूणसुद्धा शिजत नाही
तो मासळी बाजारातून
बांगड्याची डोकी घेऊन आला पेपरात,
एका हातानं सायकल, दुसरा हात लांब.

साहेबांनी मेमो दिला. वासाबद्दल.

शेंगा धरल्या, दोन, शिंगांसारख्या.
एकीला त्यानं बायकोच्या पातळाची पिशवी बांधली,
बी उडू नये म्हणून.
दुसरी उघडीच.
विचारलं तर म्हणाला,
"दिवाळीनंतर वारं जांबोटीकडं जातंय की."
आणि झारी भरायला गेला.

आज सकाळी नेटच्या भोकाशी
एक म्हातारी अडकलेली,
पांढऱ्या केसांची, पोटाशी एवढंसं बी.
रजिस्टरात नोंद करायला हवी होती.

मी इकडंतिकडं बघितलं
आणि फुंकर मारली.