पुढं लागंल म्हणून

मकानदारांच्या गच्चीवरून एक्स्चेंजचा मनोरा दिसतो.
मधे फक्त रंकाळा.
दिलशादताईंनी बोट करून दाखवला,
म्हणाल्या, ‘एवढ्यात असून?’

म्हटलं, ताई, बगळ्याचं अंतर निराळं, तारेचं निराळं.
तार पाण्यावरनं येत नाही.
ती तांबट कमानीकडनं वळते,
प्रत्येक पिलरात डोकं घालते,
अख्ख्या तळ्याला वळसा मारून
फुलेवाडीत तुमच्या दारी येते, तोवर दमलेली असते.

मीटर लावला.
पाच किलोमीटर चारशे.
पाचाच्या पुढं खात्याच्या कागदावर ‘अशक्य’ छापलेलं.
एक्स्चेंजशेजारच्या घरात भरल्या टाकीचा नळ,
तीन किलोमीटरवर करंगळीएवढी धार,
आणि इथं, शेवटच्या घरात,
तोटी उघडली की नुसती हवा सूं करते.
मोडेमचा दिवा हिरवा होई, दचके,
परत लुकलुक लुकलुक.

ताई रात्री परदेशी डॉक्टरांचं बोलणं टाइप करतात.
कुणाचा गुडघा, कुणाच्या हृदयाची झडप.
टाइप करायला दोन तास,
आवाजाची फाइल उतरायला अख्खी रात्र,
आणि पहाटे पाठवायच्या वेळी दिवा गेलेला.

‘दुसरं काय करता येईल?’
वही घेऊन बसल्या. मी सांगत गेलो, त्या खोडत गेल्या.
केबलवाला गल्लीच्या तोंडापर्यंतच आलाय.
टॉवरवरनं हवेतनं घ्यावं, तर समोर बँकेची चार मजली पाठ.
दोन जोड्या एकत्र बांधल्या असत्या,
पण या केबलीत जिवंत अशी दुसरी जोडी नाही.
जवळच्या पिलरातच मशीन बसलं असतं, तर मग काय,
पण ते टेंडर, ते पुण्याला.

एक मात्र सांगितलं नाही.

एकोणनव्वद साली ही केबल मीच टाकली.
हातात पहार, वय चोवीस.
काम संपलं, ड्रम संपेना.
उरलेली तीनशे मीटर परत न्यायची
तर चलन, सही, ट्रक.
गणू जॉइंटर म्हणाला, ‘कापू नको आकाराम, पुरून टाक.
पुढं लागंल.’
आवाजाला काय फरक पडतो?
आवाज मालवणला जातो, दिल्लीला जातो,
हॅलो म्हटलं की हॅलो येतं.
वडाच्या बुंध्याशी खड्डा घेतला,
इंग्रजी आठाच्या आकड्यात केबल निजवली,
वर माती, वर फरशी.
ताईंचं सगळं बोलणं तिथं आधी तीनशे मीटर
गोल गोल फिरतं, मग पुढं निघतं.

रविवारी गेलो. एकटाच.
फरशीवर आता शहाळेवाला बसतो.
त्याला म्हटलं, सरक जरा.
वीस जोड्या, चाळीस तारा.
निळा कुठला, नारिंगी कुठला,
वीस वर्षांच्या मातीनं सगळे एका जातीचे करून टाकलेले.
अंधार पडला तशी त्यानं बॅटरी धरली,
एका शहाळ्याचे पैसे घेतले नाहीत.

पाच किलोमीटर शंभर.
कागदावर अजूनही अशक्यच.
पण दिवा कागद वाचत नाही.
हिरवा झाला, आणि राहिला.

पाचशे बाराचा वेग. आज पोरं हसतील.
ताई खुर्चीवरनं उठल्याच नाहीत,
नुसतं विचारलं, ‘काय केलंत हो?’
म्हटलं, अंतर कमी केलं.
त्यांना वाटलं, बोलायची पद्धत म्हणून बोललो.

तीनशे मीटर खात्यात जमा केली.
चलन, सही, ट्रक, सगळं रीतसर.
फॉर्मात ‘कारण’ असा रकाना होता.
लिहिलं : पुढं लागली नाही.

आता खांबावरनं काचेचा दोरा आलाय.
त्याला पाच काय, वीस किलोमीटरही घरातल्या घरात.
ताईंनी जुना मोडेम भंगारात दिला.
शहाळेवाला मात्र अजून गिऱ्हाइकांना सांगतो,
टेलिफोनवाल्यानं हितनं रातोरात धन काढलं,
म्या बॅटरी धरलेली,
मला एक पैसा दिला न्हाई.